जाड भिंतींच्या घरात इंटरनेट : वीजतार आणि वायफाय दोन्ही एकत्र वापरा

माळवद (औसा)

मंडळी, आमच्या भागात फायबर गावागावांत पोचलं. रस्त्यावरून घरापर्यंतचं काम झालं, घराच्या आतलं मात्र तसंच राहिलं. हा धागा त्यासाठी काढतोय.

औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात घरं कशी आहेत ते इथल्या लोकांना सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पुष्कळ ठिकाणी नवीन घरं उभी राहिली, पण जिथं जुनं शाबूत राहिलं तिथं पुढं माळवद (मातीच्या सपाट छताचं जुनं घर) आणि मागं स्लॅबच्या खोल्या अशी जोडघरं आजही आहेत. मधली भिंत दगड-मातीची, दोन-अडीच फुटांची. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अशा एका भिंतीतच संपतो. २.४ गिगाहर्ट्झचा पलीकडे जातो, पण पोचेपर्यंत त्याच्यात दम राहत नाही. राउटर पुढच्या खोलीत, कारण फायबर तिथंच उतरवली. अभ्यास करणारी मुलं मागच्या खोलीत, कारण शांतता तिथं. म्हणून लेक्चर अडकत अडकत चालतं.

आता बघा, प्रत्येक खोलीत एक तार आधीच पोचलेली आहे, विजेची. तिच्यातून ५० हर्ट्झची वीज वाहते. त्याच तारेवर २ मेगाहर्ट्झच्या वरचा सिग्नल चढवला तर दोघांच्या कंप्रतेत (फ्रिक्वेन्सीत) किमान चाळीस हजार पटींचा फरक पडतो, त्यामुळे साध्या फिल्टरनं ते वेगळे काढता येतात. हेच पॉवरलाइन. एक अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरा मागच्या खोलीत. २००१ मध्ये होमप्लग १.० हे त्याचं मानक आलं तेव्हा कागदावरचा वेग १४ एमबीपीएस होता. २००५ च्या होमप्लग एव्हीनं तो २०० वर नेला, २०१० मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचं १९०१ हे मानक झालं. जी.एचएन हे आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेचं वेगळं घराणं, कामाची पद्धत साधारण तीच.

माझा मुद्दा पुढं आहे. लोक विचारतात, तार बरी की वायफाय? मी म्हणतो दोन्ही एकत्र बांधा, कारण दोघांचे शत्रू वेगळे आहेत. वायफायला भिंत अडवते, शेजाऱ्याचा राउटर अडवतो, मायक्रोवेव्ह ओव्हन अडवतो. तारेला यातलं काहीच अडवत नाही. तारेला त्रास कूलरच्या मोटरीचा, स्वस्तातल्या चार्जरचा, एलईडी बल्बच्या आतल्या सर्किटचा. ते वायफायच्या गावीही नसतं. एक वाट बिघडली त्याच क्षणी दुसरीही बिघडेल असं सहसा होत नाही. आणि ही घरगुती जुळवाजुळव राहिलेली नाही, त्याला मानक आहे: आयईईई १९०५.१, वर्ष २०१३. वायफाय, वीजतार, इथरनेट आणि टीव्हीची कोॲक्स केबल अशा चारही वाटा एका जाळ्यात आणण्यासाठीच ते केलेलं आहे.

ज्यांच्या घरी असं काही चालू आहे त्यांनी लिहा. वायरिंग, इन्व्हर्टर, अर्थिंग या बाजूचं जाणकारांनी सांगावं, मला ती बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

---

असना (नांदेड)

चांगला विषय. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते, आमच्या विद्यार्थ्यांच्या घरूनही हाच प्रश्न येतो. बहुतेक जण पहिल्यांदा वायफाय रिपीटर आणतात. साधा रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे एकेक पॅकेट (डेटाचा तुकडा) हवेत दोनदा जातं आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय तो ठेवायचा कुठं? भिंतीच्या अलीकडे ठेवला तर पलीकडे पोचत नाही, पलीकडे ठेवला तर त्यालाच सिग्नल मिळत नाही.

दोन बँडचे, तीन बँडचे मेश संच (अनेक डबे मिळून एकच वायफाय देणारे) याहून बरे, पण भिंत तीच. माळवद म्हणतात तसं मेशचे दोन डबे आपसात बोलायला वीजतार वापरायला लागले तर भिंतीचा प्रश्नच मिटतो. असे तयार संच बाजारात आलेले आहेत, उदाहरणार्थ टीपी-लिंकचा डेको पी९, त्यात मेश वायफाय आणि पॉवरलाइन दोन्ही आहेत.

---

उदगीरचा वायरमन

नमस्कार. कागदावरलं समदं बरोबर असंल, पण घरातली वायरिंग बघितल्याबिगर हे डबे घेऊ नका. लोक मला हल्ली हेच विचारायलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, फेज. आपल्याकडं थ्री फेज मीटर असलेली घरं भरपूर. खालचा मजला एका फेजवर, वरचा दुसऱ्या फेजवर. दोन्ही डबे एकाच फेजवर आले तर सिग्नल दणक्यात जातो. वेगवेगळ्या फेजवर आले तर तारा पाइपात शेजारी शेजारी असल्यामुळं थोडा उडी मारून जातो, पण मार खातो. व्होल्टेज पडलं की फेज बदलायचा स्विच फिरवायची सवय आपल्या घरोघरी हाय. ज्या घरात तो स्विच अख्ख्या घराला हाय तिथं अडचण नाही. एकाच खोलीला बसवलेला असंल तर सकाळी चाललेलं संध्याकाळी बंद दिसतं, अन् माणूस डब्याला शिव्या देतो.

दुसरं, इन्व्हर्टर. हे लई महत्त्वाचं. इन्व्हर्टरची लाइन वेगळी ओढलेली असते, लाइट-पंख्याची. एक डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर अन् दुसरा साध्या लाइनवर लावला, तर लाइट हाय तोवर चालतं. लाइट गेली की दुसरा डबा मेलाच. म्हणून दोन्ही डबे इन्व्हर्टरच्या लाइनवरल्या सॉकेटात पाहिजेत. बऱ्याच घरांत त्या लाइनवर सॉकेटच नसतं, नुसते बोर्डाचे बटन. मग एक सॉकेट नवं काढून घ्यायला लागतं. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असंल तर बॅटरीवर गेल्यावर वेग पडणार, कामून की त्याची वीजच खडबडीत असते. साइन वेव्हवर बरं चालतं.

तिसरं, अर्थिंग. ह्यावर तर काय बोलावं. सॉकेट उघडलं की हिरवी वायर कापून, टोकाला टेप गुंडाळून डबीत कोंबलेली दिसती. तीन पिनचं सॉकेट हाय, तिसरं भोक नावालाच. कुठं हिरवी वायर जोडलेली असली तरी बाहेरचा खड्डा कोरडा. कोळसा-मीठ टाकून केलेल्या खड्ड्यात एप्रिल-मे महिन्यात पाणी टाकायला लागतं, आपल्याकडं प्यायला पाणी नसतं तिथं खड्ड्याला कोण टाकतंय. पण टाका. डब्यासाठी नाही, फ्रीजला हात लावणाऱ्या लेकरांसाठी टाका.

---

माळवद (औसा)

वायरमन दादा, तुम्ही अर्थिंगचं लिहिलंत ते या तंत्राला थेट लागू पडतं. होमप्लग एव्ही२ मध्ये फेज-न्यूट्रल या जोडीबरोबर अर्थिंगची तारही दुसरी वाट म्हणून वापरतात, त्याला मायमो म्हणतात. खोक्यावर छापलेला मोठा आकडा या दोन्ही वाटा धरून असतो. ज्या घरात हिरवी वायर डबीत कोंबलेली आहे तिथं दुसरी वाट नाहीच. डबा चालतो, पण महागाचा डबा घेऊन फायदा स्वस्तातल्याइतकाच. म्हणून आधी अर्थिंग, मग डबा.

आकड्यांचं अजून एक. खोक्यावर ५००, १००० असं लिहिलेलं असतं तो तारेवरचा कच्चा वेग. तारेवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, चुका दुरुस्त करायला जागा जाते, त्यामुळे हातात येतो तो वेग पुष्कळच कमी. ५०० वर्गातल्या कित्येक अडॅप्टरांवर तर इथरनेटचं पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं. घेताना पोर्ट गिगाबिट आहे का ते विचारा. दुकानदाराला माहीत नसतं, खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं.

---

बालाघाट (अंबाजोगाई)

एवढा सगळा खटाटोप कशासाठी? सरळ इथरनेटची कॅट-६ केबल ओढा की. एकदा खर्च, वीस वर्षं बघायला नको.

---

माळवद (औसा)

बालाघाट, जिथं केबल ओढता येते तिथं ओढाच, मी स्वतः तेच सांगेन. त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पण कन्सील वायरिंगचे पाइप आधीच भरलेले असतात, आणि विजेच्या पाइपातूनच डेटा केबल नेणं सुरक्षित नाही. माळवदाच्या भिंतीला आरपार भोक पाडायला लोक तयार नसतात, आत दगड कसा बसलाय ते कुणालाच माहीत नसतं, माती झरायला लागते. भाड्याच्या घरात तर घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाही. लातूरला क्लाससाठी खोल्या घेऊन राहणारी हजारो मुलं आहेत, ती कुठं केबल ओढणार?

---

सिडकोवाली (छत्रपती संभाजीनगर)

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. तारेतून सिग्नल जातो म्हणजे शेजाऱ्यांच्या फ्लॅटमध्येही जात असेल ना? आमचं सगळं त्यांना दिसेल का?

---

असना (नांदेड)

ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे. सिग्नल मीटरपाशी थांबत नाही. क्षीण होतो, पण एकाच पॅनेलवरून निघालेल्या शेजारच्या फ्लॅटपर्यंत जाऊ शकतो. होमप्लग एव्हीमध्ये १२८ बिटांचं एईएस कूटलेखन असतं, त्यामुळे किल्ली नसलेल्याला वाचता येत नाही. गोम अशी की नवीन डब्यांत कंपनीची एकच ठरलेली किल्ली असते, सगळ्यांची सारखी. म्हणून आणल्याबरोबर दोन्ही डब्यांवरचं पेअर बटण दाबून स्वतःची किल्ली तयार करून घ्यायची. खोक्यातल्या कागदावर किती सेकंद दाबायचं ते दिलेलं असतं. हे न करता वापरू नका.

शेजाऱ्याकडेही असेच डबे असतील तर दोघांना मिळून तारेवरची जागा वाटून घ्यावी लागते, वेग कमी होतो. आणि डबा भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा, स्पाइक गार्डमध्ये नको. स्पाइक गार्डमधले घटक हा उच्च कंप्रतेचा सिग्नल गिळून टाकतात.

---

पूर्णाकाठ (परभणी)

मी हौशी रेडिओवाला, परवाना घेऊन शॉर्टवेव्हवर बोलणारा. माझी बाजूही ऐका. विजेच्या तारेला शील्ड नसते. तिच्यावर २ ते ३० मेगाहर्ट्झचा सिग्नल सोडला की घरभर पसरलेली ती तार अँटेना होते. आमचा ४० मीटरचा पट्टा ७ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, तो नेमका याच टापूत येतो.

होमप्लगवाल्यांनी याचा विचार केला होता हे मान्य करतो. एव्हीमध्ये ११५५ वाहक (सिग्नल ज्यांवर विभागतात त्या बारीक कंप्रता) आहेत आणि अमेरिकेतल्या मर्यादेप्रमाणे त्यातले ९१७ च वापरतात, बाकीचे हौशी रेडिओच्या व इतर पट्ट्यांसाठी बंद ठेवलेले. चांगल्या डब्यांचा त्रास म्हणूनच कमी होतो. बिननावाचे डबे हे पाळतील याची खात्री नाही. पूर आला, वादळ झालं, मोबाइल टॉवर पडले तेव्हा हाच शॉर्टवेव्ह कामाला येतो, म्हणून माझी कळकळ. घ्या, वापरा, पण मानक पाळणारे घ्या.

---

मांजरा पट्टा (केज)

माळवद काका, विहिरीवरच्या मोटरीजवळ कॅमेरा बसवायचाय. वायर चोरीला जायलीय सारखी. घर ते विहीर शेत ओलांडून आहे. मोटरीला लाइट आहेच, मग त्या तारेतून घरी चित्र येईल का?

---

माळवद (औसा)

नाही येणार, पैसे घालू नको. शेतीचा फीडर वेगळा आणि गावठाणाचा वेगळा, डीपी (ट्रान्सफॉर्मर) वेगळी. हा सिग्नल ट्रान्सफॉर्मर ओलांडत नाही. एकाच डीपीवर असतं तरी इतक्या लांबीत तो विरून गेला असता. शिवाय शेतीची लाइट दिवसातले काही तासच असते, आणि चोर तर लाइट नसतानाच येतो. तुला सौर पॅनेलवरचा सिमवाला कॅमेरा बरा. घरावरून विहीर सरळ दिसत असेल तर एकाच दिशेला सिग्नल फेकणाऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या अँटेनांचा जोड लाव, तिथं वायफायच जिंकतं.

---

असना (नांदेड)

माळवद, एक खोलातला प्रश्न. दोन्ही वाटा एकत्र करायच्या म्हणजे नेमकं काय करायचं? प्रत्येक पॅकेट आलटून पालटून एकदा तारेवर, एकदा वायफायवर? मग टीसीपीचं, म्हणजे पॅकेटं क्रमानं पोचवणाऱ्या इंटरनेटच्या नियमावलीचं, काय? मुलांना शिकवताना मी इथं थांबते.

---

माळवद (औसा)

बरं झालं विचारलंत, सगळी मेख तिथंच आहे.

औशाहून लातूरला जायला दोन रस्ते असले आणि वऱ्हाडाच्या गाड्या दोन्हीवर विभागल्या, तर मागून निघालेली गाडी आधी पोचू शकते. पॅकेटांचंही तेच. टीसीपीला पॅकेटं क्रमानं हवी असतात. चौथं, पाचवं, सहावं पॅकेट तिसऱ्याच्या आधी आलं की त्याला वाटतं तिसरं हरवलं, आणि तो वेग आवरता घेतो. दोन वाटांची बेरीज व्हायची ती वजाबाकी होते. म्हणून पॅकेटागणिक वाटणी करायची तर पलीकडच्या टोकाला क्रम लावणारं काहीतरी लागतं, आणि दोन्ही वाटांचा वेग सतत मोजून त्या प्रमाणात वाटणी करावी लागते.

सोपा मार्ग असा की एक संभाषण एका वाटेवर ठेवायचं. लेक्चरचा व्हिडिओ तारेवरून, आजोबांच्या फोनवरचं बाकी सगळं वायफायवरून. व्हिडिओची वाट खराब झाली तर अख्खं संभाषण दुसऱ्या वाटेवर हलवायचं. एका डाउनलोडला बेरजेचा वेग मिळत नाही, पण घर म्हणून बघितलं तर सगळ्यांना मिळून जास्त मिळतं. आपल्या घरांना एवढं पुष्कळ आहे.

१९०५.१ यात काय करतं? ते आयपीच्या (इंटरनेटच्या पत्त्यांच्या थराच्या) खाली आणि वायफाय-पॉवरलाइनच्या वर एक पातळ थर घालतं. त्या थरामुळे डब्याला अनेक पोर्ट असले तरी जाळ्याला तो एकच दिसतो, त्याचा एकच पत्ता. डबे एकमेकांना शोधतात, कुठून कुठं कोणती वाट आहे याचा नकाशा करतात, आणि प्रत्येक वाटेची आजची क्षमता एकमेकांना विचारतात. कोणतं पॅकेट कुठून न्यायचं हा निर्णय मात्र मानकानं बांधून दिलेला नाही, तो बनवणाऱ्यावर सोडलाय. म्हणून दोन कंपन्यांच्या डब्यांत फरक पडतो. २०१८ मध्ये वायफायवाल्यांनी मेशसाठी जे ईझीमेश हे मानक काढलं त्याचा पायाही हाच १९०५.१.

तारेच्या स्वभावाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. विजेच्या तारेवरचा गोंगाट विजेच्या लयीत असतो. ५० हर्ट्झचं अर्धं आवर्तन १० मिलिसेकंदांचं, आणि डिमर, चार्जर यांचा खरखराट दर अर्ध्या आवर्तनाला त्याच जागी परत येतो. होमप्लग एव्हीचे डबे हे ओळखतात. आवर्तनाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी कोणत्या वाहकावर किती बिट घालायचे याचा वेगळा तक्ता ठेवतात. गोंगाट आला की कमी बोलायचं, शांत क्षण आला की भरभर बोलायचं.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दोन्ही वाटा शेजारी शेजारी मोजल्या. वायफाय पोचत नाही अशा ठिकाणी तार पोचू शकते हे त्यात दिसलं, आणि तारेचा वेग दोन्ही दिशांना सारखा असेलच असं नाही हेही. म्हणजे पुढच्या खोलीतून मागं चांगला जातो, मागून पुढं तितका नाही. ज्या टोकाला कूलर खडखडत असतो त्या टोकाला ऐकायला त्रास होतो, हे त्याचं एक कारण. म्हणून तपासताना दोन्ही बाजूंनी तपासा. आणि स्पीडटेस्टनं नको, त्यात बाहेरचं इंटरनेट मिसळतं. घरातल्या दोन लॅपटॉपवर आयपर्फ हा वेग मोजायचा प्रोग्राम टाकून मोजा.

---

उदगीरचा वायरमन

कूलरचं खरं हाय. कूलरला अन् डब्याला एकच बोर्ड देऊ नका. कोणतं यंत्र त्रास देतंय ते शोधायचं तर एकेक चार्जर, एकेक बल्ब बंद करत वेग बघायचा. बहुतेक वेळा सापडतो तो एखादा हलका चार्जर.

---

लातूरची आई

इतकं वाचून धीर आला. आमच्याकडं मुलगी नीटची तयारी करतेय, वरच्या खोलीत. खाली राउटर. एका दुकानदारानं तिन्ही खोल्यांना तीन रिपीटर दिले होते, आता एकमेकांतच अडकतात. वायरमन दादा, माळवद काका, मी नेमकं आधी काय करू? लाइट गेल्यावरही चालायला हवं, क्लास संध्याकाळचा असतो आणि लाइट तेव्हाच जाते.

---

माळवद (औसा)

ताई, डबे घेण्याआधी वायरमनला बोलवा. त्याला दोन गोष्टी बघायला सांगा: खालची राउटरची जागा आणि वरची खोली एकाच फेजवर आहेत का, आणि दोन्हीकडे इन्व्हर्टरच्या लाइनवरचं सॉकेट काढता येतं का. अर्थिंग त्याच वेळी तपासून होईल. डीबी (विजेच्या फ्यूज-स्विचांची पेटी) स्वतः उघडू नका.

मग दोनच डब्यांचा संच घ्या, वरचा डबा वायफाय देणारा असलेला, बदलून देण्याची हमी असलेल्या दुकानातून. तिन्ही रिपीटर काढून टाका. राउटरला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस लावतात तो लावला तरी चालेल, पण लक्षात ठेवा, पॉवरलाइनचे डबे त्याच्यावर चालत नाहीत, त्यांना २३० व्होल्टच लागतात. म्हणून इन्व्हर्टरची लाइन. बॅटरीवर असताना तारेचा वेग पडला तर एवढ्यापुरता राउटर जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवा, २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय जिन्यातून वर जातं. तेवढ्यावर लेक्चर कमी दर्जाच्या चित्रात का होईना चालू राहील.

---

उदगीरचा वायरमन

ताई, आमच्यासारख्याला बोलवाल तेव्हा त्याच्यासमोर राउटर अन् वरच्या खोलीचं दार दोन्ही दाखवा. नुसतं "एक सॉकेट काढा" म्हणलं की तो जवळची लाइन धरून मोकळा होतो. इन्व्हर्टरच्याच लाइनवरलं पाहिजे म्हणून सांगा, अन् मेन बंद करून दोन्ही सॉकेटात टेबल लॅम्प लावून पेटतो का बघून मगच पैसे द्या.